कागदाचें कुंपण

१७८७ सालच्या सप्टेंबर महिन्याची १२ तारीख. फिलाडेल्फिया शहरांतील ज्या दालनांत अकरा वर्षांपूर्वीं अमेरिकन वसाहतींनीं आपल्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला होता, त्याच दालनांत संयुक्त संस्थानांच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा पुरा होत आला होता. मे महिन्याच्या अखेरीपासून प्रतिनिधि तेथें बसत होते. चर्चेंतील अवाक्षरही बाहेर फुटूं नये म्हणून दारें बंद ठेवलेलीं आणि त्यांवर पहारा. सारा उन्हाळा असा गेलेला. प्रत्येकाला घराची ओढ लागली होती. अशा वेळीं व्हर्जिनियाचा वयोवृद्ध प्रतिनिधि जॉर्ज मेसन उठला आणि म्हणाला कीं, या घटनेला प्रजेच्या हक्कांची एक सनद जोडावी. निरनिराळ्या संस्थानांच्या सनदा समोर आहेतच. त्यांच्या आधारें असा मसुदा कांहीं तासांत तयार होईल आणि लोकांच्या मनाला स्वस्थता येईल. एल्ब्रिज गेरी यानें तशी रीतसर सूचना मांडली, मेसननें तिला अनुमोदन दिलें, आणि मतें घेण्यांत आलीं. हजर असलेल्या संस्थानांपैकीं एकानेंही सूचनेच्या बाजूनें मत दिलें नाहीं.

पांच दिवसांनीं घटनेखालीं ३९ सह्या झाल्या. शेवटपर्यंत हजर राहूनही ज्या तिघांनीं सही करण्याचें नाकारलें, त्यांत मेसन व गेरी हे दोघेही होते.

आज अमेरिकेची राज्यघटना म्हटली कीं भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, विनाकारण झडतीपासून संरक्षण हींच कलमें प्रथम आठवतात. तीं मूळ घटनेंत नव्हतीं. इतकेंच नव्हे, तर तीं घालण्याची सूचना घटनाकारांनीं फेटाळून लावली होती, आणि पुढें ज्या गृहस्थानें तीं कलमें लिहून मंजूर करून घेतलीं, त्याचाही आरंभीं त्यांवर फारसा विश्वास नव्हता. हें असें कां घडलें, आणि घडल्यानंतर त्या कलमांची पहिली परीक्षा कशी झाली, हा इतिहास ज्या ज्या देशानें आपल्या सरकारच्या सत्तेला कागदावर मर्यादा घातल्या आहेत, त्या प्रत्येकानें विचारांत घेण्यासारखा आहे.

मेसनची मागणी केवळ हट्टाची नव्हती. तिच्या पाठीमागें सव्वीस वर्षांचा अनुभव होता. १७६१ सालीं बॉस्टनच्या न्यायालयापुढें जकात खात्याच्या झडतीच्या परवान्यांचा प्रश्न आला. राजाच्या नांवानें निघणारे हे परवाने एका घरापुरते किंवा एका गुन्ह्यापुरते नसत. ज्या अधिकाऱ्याच्या हातीं असा परवाना पडे, त्यानें चोरट्या मालाच्या शोधासाठीं वाटेल त्या घरांत, वाटेल त्या वखारींत शिरावें आणि कुलपें फोडावींत. संशय कोणाचा व कशावरून, हें सांगण्याचें त्याला कारण नव्हतें. जेम्स ओटिस या वकिलानें व्यापाऱ्यांच्या वतीनें या परवान्यांविरुद्ध कित्येक तास भाषण केलें. खटला तो हरला. परंतु त्या दिवशीं न्यायालयांत बसून टिपणें घेणाऱ्या एका पंचवीस वर्षांच्या वकिलाच्या मनावर त्या भाषणाचा असा ठसा उमटला कीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जन्म त्याच दिवशीं त्याच ठिकाणीं झाला, असें त्यानें उतारवयांत लिहून ठेवलें. त्या तरुण वकिलाचें नांव जॉन ॲडम्स. हें नांव या कथेंत पुन्हां येणार आहे.

वसाहतींनीं राजसत्ता झुगारून दिली तेव्हां त्यांतील कित्येकींनीं सत्तेच्या मर्यादा प्रथम लेखीं नमूद केल्या, त्या या अनुभवामुळेंच. १२ जून १७७६ रोजीं व्हर्जिनियानें हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला; तो मुख्यतः मेसनच्याच लेखणींतून उतरला होता. सत्तेचें मूळ लोकांत आहे आणि अधिकारी हे लोकांचे विश्वस्त व सेवक होत, हें तत्त्व त्यांत ग्रथित झालें. आणि मोघम झडतीच्या परवान्यांचा त्यांत स्पष्ट शब्दांत निषेध होता. ज्यानें एका संस्थानासाठीं असें कुंपण घातलें होतें, त्याला सर्व संस्थानांवर येणारें नवें सरकार कुंपणावांचून मोकळें सोडणें धोक्याचें वाटावें, यांत नवल नाहीं.

मग इतरांनीं नकार कां दिला? केवळ थकवा हें त्याचें कारण नव्हे. त्यांचें म्हणणें असें कीं, ही घटना स्वतःच एक मर्यादा आहे. इंग्लंडच्या राजाची सत्ता परंपरेनें चालत आलेली व अमर्याद होती. म्हणून प्रजेला त्याच्याकडून सनदा लिहून घ्याव्या लागल्या. येथें सत्ता लोकांचीच आहे, आणि त्यांनीं तिच्यांतील मोजका भाग सरकारला दिला आहे. जें दिलेलें नाहीं तें सरकारपाशीं नाहींच. अलेक्झांडर हॅमिल्टननें तर पुढें असें प्रतिपादन केलें कीं, सनद ही अनावश्यकच नव्हे तर घातकही आहे. मुखत्यारपत्राचें उदाहरण घेतल्यास त्याचा मुद्दा चांगला कळतो. एखाद्या गृहस्थानें मुखत्याराला शेताचा खंड वसूल करण्याचा अधिकार दिला, आणि त्याखालीं, ‘राहतें घर विकूं नये,’ अशी ओळ घातली, तर उद्यां तो मुखत्यार म्हणेल कीं, घर तेवढें विकण्यास मनाई आहे. बाग विकण्यास हरकत नसावी. निषेधांची यादी केली कीं यादींत नसलेल्या गोष्टींचा अधिकार आपोआप गृहीत धरला जातो.

याशिवाय घटनेच्या रचनेंत सत्तेला सत्तेनेंच आवरण्याची योजना होती. कायदा दोन सभागृहांनीं मंजूर करावा. अध्यक्षानें तो परत पाठविल्यास दोन तृतीयांश मतांवांचून तो पुढें जाऊं नये. सैन्याचा सेनापति अध्यक्ष, परंतु युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा. आणि सैन्याच्या खर्चाची मंजुरी एका वेळीं दोन वर्षांपलीकडे देतां येऊं नये. न्यायाधीशांना सद्वर्तन असेपर्यंत कायम ठेवावें व त्यांचा पगार कमी करूं नये, म्हणजे त्यांना कोणाचें तोंड पाहावें लागणार नाहीं. शिवाय कांहीं निषेध मूळ घटनेंत होतेच. अटकेंत ठेवलेल्या माणसाला न्यायाधीशापुढें आणून अटकेचें कारण दाखविण्याची पद्धति, बंड किंवा परचक्र यांच्या प्रसंगीं लोकांच्या सुरक्षिततेस जरूर असल्यावांचून, स्थगित करूं नये. खटल्यावांचून कायदेमंडळानेंच कोणाला शिक्षा सुनावूं नये. आज केलेला कायदा कालच्या कृत्याला लावूं नये. आणि एकाच उघड कृत्याबद्दल दोन साक्षीदार किंवा भर न्यायालयांत कबुली असल्यावांचून कोणाला राजद्रोही ठरवूं नये.

या रचनेचा प्रमुख शिल्पकार म्हणजे व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन. सत्तेच्या प्रत्येक खात्याला दुसऱ्याचें आक्रमण परतविण्याचें साधन व स्वार्थ दोन्ही असावेंत, म्हणजे एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला पायबंद घालील, हा विचार त्यानें १७८८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत मांडला. माणसें देवदूत असतीं तर सरकारची जरूर पडली नसती, आणि राज्यकर्ते देवदूत असते तर त्यांना आवरण्याची जरूर पडली नसती, असा त्याच्या विवेचनाचा सारांश होता. हक्कांच्या सनदेविषयीं मात्र तो साशंक होता. त्याचें कारण हॅमिल्टनच्या युक्तिवादाहून वेगळें होतें. तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

व्हर्जिनियांत त्याच्या तरुणपणीं बाप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांना परवान्यावांचून प्रवचन केल्याबद्दल तुरुंगांत टाकीत. पुढें १७७६ च्या जाहीरनाम्यानें धर्मस्वातंत्र्य मान्य केलें. तरीही आठ वर्षांनीं त्याच संस्थानाच्या कायदेमंडळांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या पोषणासाठीं कर बसविण्याचें बिल आलें, आणि तें परतवितांना मॅडिसनला विनंतीपत्रक लिहून लोकमत जागृत करावें लागलें. अर्थात् कागदावरील शब्दानें कायदेमंडळाला आवरलें नव्हतें. यावरून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, लोकसत्तेंत जुलमाचें भय राजापासून नसून बहुमतापासून असतें. आणि जेथें बहुमतच सरकार चालवितें, तेथें चर्मपत्रावर लिहिलेल्या मर्यादा ऐन गरजेच्या वेळींच कुचकामी ठरतात. १७ ऑक्टोबर १७८८ रोजीं पॅरिस येथें वकील असलेला आपला मित्र थॉमस जेफर्सन यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें ही निराशा स्पष्ट बोलून दाखविली. मराठी माणूस हीच गोष्ट दोन शब्दांत सांगेल: कुंपणानेंच शेत खाल्लें, तर दाद कोणाकडे मागावी?

परंतु त्याच पत्रांत मॅडिसननें सनदेचा एक उपयोगही मान्य केला होता, आणि पुढचा सारा इतिहास त्या उपयोगाचाच आहे. गंभीरपणें जाहीर केलेलीं तत्त्वें हळूहळू लोकांच्या अंगवळणीं पडतात. तीं राष्ट्राच्या भावनेंत मुरलीं म्हणजे स्वार्थाच्या व क्षोभाच्या वेळीं त्यांचा आवर पडतो. जेफर्सननें मार्च १७८९ मध्यें उत्तर पाठविलें, त्यांत त्यानें आणखी एका गोष्टीची भर घातली. सनदेमुळें न्यायालयांच्या हातीं एक कायदेशीर अंकुश येतो. सनद सर्व प्रसंगीं समर्थ ठरेल असें नाहीं. परंतु पडूं पाहणारी इमारत पुष्कळदां एका जादा टेकूनें उभी राहते.

इकडे घटनेच्या मंजुरीचा झगडा संस्थानोसंस्थानीं चालू होता. मॅसॅच्युसेट्समध्यें १८७ विरुद्ध १६८ मतांनीं घटना मंजूर झाली, तीही पुढें दुरुस्त्या कराव्या या शिफारसीसह. व्हर्जिनियांत मेसन आणि पॅट्रिक हेन्री या दोघांनीं कडाडून विरोध केला. तेथें ८९ विरुद्ध ७९ अशीं मतें पडलीं. न्यूयॉर्कमध्यें तर अंतर अवघ्या तीन मतांचें होतें. घटना तरली, परंतु निम्म्या देशाच्या मनांत शंका ठेवून. हेन्रीच्या वर्चस्वामुळें मॅडिसनला सेनेटमध्यें जागा मिळाली नाहीं. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकींत त्याच्याविरुद्ध जेम्स मन्रो उभा राहिला. त्या मतदारसंघांत बाप्टिस्ट लोकांची वस्ती बरीच होती, आणि तुरुंगाच्या आठवणी त्यांच्या मनांत ताज्या होत्या. मॅडिसननें त्यांना लेखी आश्वासन दिलें कीं, निवडून आल्यास आपण धर्मस्वातंत्र्य व इतर हक्क यांच्या रक्षणासाठीं घटनादुरुस्ती सुचवूं. १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनीं तो निवडून आला.

८ जून १७८९ रोजीं त्यानें तें वचन पाळलें. प्रतिनिधिगृहाला त्या वेळीं जकातीच्या उत्पन्नाची चिंता होती. हा विषय आतां कशाला, असा अनेकांचा सूर होता. मॅडिसननें नेट सोडला नाहीं. त्याच्या मूळ योजनेप्रमाणें नवीं वाक्यें घटनेच्या मजकुरांत योग्य जागीं मिसळावयाचीं होतीं. रॉजर शर्मन यानें तीं शेवटीं स्वतंत्र जोडावींत असा आग्रह धरला, आणि अखेर तसेंच झालें. प्रतिनिधिगृहानें १७ दुरुस्त्या मंजूर केल्या, सेनेटनें त्या १२ वर आणल्या, आणि १५ डिसेंबर १७९१ पर्यंत त्यांपैकीं १० दुरुस्त्यांना जरूर तितक्या संस्थानांची मान्यता मिळाली. हीच ती सुप्रसिद्ध हक्कांची सनद. ओटिसनें ज्यांच्याविरुद्ध भाषण केलें होतें ते मोघम परवाने चौथ्या दुरुस्तीनें बंद झाले. हॅमिल्टनच्या मुखत्यारी शंकेला नवव्या दुरुस्तीनें उत्तर दिलें: कांहीं हक्कांचा उल्लेख केला, यावरून लोकांचे इतर हक्क नाकारले असा अर्थ करूं नये. आणि पहिल्या दुरुस्तीनें धर्म, भाषण, मुद्रण, शांततेनें जमणें व गाऱ्हाणें मांडणें यांचा संकोच करणारा कायदा करण्यास काँग्रेसला मनाई केली.

या सनदेच्याही मर्यादा होत्या, आणि त्या झांकून ठेवणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. ती फक्त मध्यवर्ती सरकारला बांधीत होती. धर्मस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यांतील ज्यूरी यांच्या बाबतींत संस्थानांनाही बांधून घेणारी एक दुरुस्ती मॅडिसननें सुचविली होती. आपल्या सूचनांत तीच सर्वांत मोलाची, असें त्याचें मत होतें. सेनेटनें ती गाळली. आणि १७९० च्या शिरगणतींत ज्या सुमारें ७ लाख लोकांची नोंद गुलाम म्हणून झाली, त्यांच्या झोपडीच्या दारापर्यंत या सनदेंतील एकही कलम पोंचलें नाहीं. ज्या मेसननें व मॅडिसननें हक्कांचा एवढा विचार केला, ते दोघेही गुलामांचे मालक होते.

सनदेला सात वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच तिच्यावर पहिला घाला आला. १७९८ सालीं फ्रान्सशीं संबंध विकोपाला गेले होते. फ्रेंच जहाजें अमेरिकन गलबतें पकडीत होतीं, आणि देशांत युद्धाची हवा पसरली होती. अध्यक्ष होता जॉन ॲडम्स. होय, ओटिसचें भाषण ऐकणारा तोच तरुण वकील. सरकारपक्षाच्या बहुमतानें, ४४ विरुद्ध ४१ मतांनीं, प्रतिनिधिगृहानें एक कायदा मंजूर केला, आणि १४ जुलै रोजीं ॲडम्सनें त्यावर सही केली. सरकार, काँग्रेसचीं सभागृहें किंवा अध्यक्ष यांची बदनामी करण्याच्या हेतूनें खोटें व द्वेषमूलक लिखाण केल्यास २ वर्षांपर्यंत कैद व २,००० डॉलरपर्यंत दंड, अशी त्यांत तरतूद होती. उपाध्यक्षाच्या बदनामीबद्दल मात्र शिक्षा नव्हती. कारण उपाध्यक्ष जेफर्सन हा विरोधी पक्षाचा पुढारी होता. कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१ रोजीं, म्हणजे ॲडम्सची कारकीर्द संपण्याच्या दिवशीं, संपणार होती.

कायद्याचे समर्थक सनद विसरले होते असें नव्हे. ते म्हणत कीं, मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे छापण्यापूर्वीं परवाना घ्यावा न लागणें, एवढेंच. छापल्यावर त्याचे परिणाम भोगलेच पाहिजेत. शिवाय मजकूर खरा असल्याचा पुरावा देण्याची मुभा आरोपीस आहे, आणि निर्णय ज्यूरीच्या हातीं आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यापेक्षां हा कितीतरी सौम्य नव्हे काय? युक्तिवाद सफाईदार होता. त्यांतील खोट अशी कीं, राज्यकर्त्यांवरील टीका ही बहुधा मतांच्या स्वरूपाची असते, आणि मत खरें असल्याचा पुरावा न्यायालयांत कसा आणावा?

मॅथ्यू लायन याला तो आणतां आला नाहीं. आयर्लंडमधून पोरवयांत करारबद्ध नोकर म्हणून आलेला हा गृहस्थ व्हर्मॉन्टचा प्रतिनिधि झाला होता. स्वभावानें तो उग्र होता. त्याच वर्षीं भर सभागृहांत एका प्रतिपक्षीयाच्या तोंडावर तो थुंकला होता आणि त्याबद्दल काठीचा मारही खाऊन बसला होता. अध्यक्षाला लोकहितापेक्षां सत्तेची तहान आणि डामडौल अधिक प्रिय आहे, अशा आशयाचें एक पत्र त्यानें कायदा होण्यापूर्वीं लिहिलें होतें. तें छापून आलें कायदा झाल्यानंतर. ऑक्टोबर १७९८ मध्यें त्याच्यावर खटला झाला. त्यानें बचाव केला कीं, हा कायदाच घटनाबाह्य आहे. न्यायासनावर विल्यम पॅटरसन होता. ज्या ३९ जणांनीं फिलाडेल्फियांत घटनेवर सह्या केल्या, त्यांपैकींच हा एक. त्यानें ज्यूरीला बजावलें कीं, कायद्याच्या घटनात्मकतेशीं तुम्हांला कर्तव्य नाहीं. लायनला ४ महिने कैद व १,००० डॉलर दंड झाला, आणि व्हर्जेन्स गांवच्या थंडगार कोठडींत त्याची रवानगी झाली.

मॅडिसनची भीति अक्षरशः खरी ठरली होती. बहुमतानें मर्यादा ओलांडली, अध्यक्षानें सही केली, घटनेचा सहीकार न्यायाधीश होऊन बसला आणि त्यानेंही ती अडविली नाहीं. एकमेकांना आवरण्यासाठीं उभी केलेली सत्तेचीं तिन्ही अंगें एकाच पक्षाच्या हातीं असल्यामुळें एका दिशेनें चालूं लागलीं. मग सनदेचा उपयोग काय झाला?

उपयोग असा झाला कीं, मर्यादा कोठें होती हें प्रत्येक वाचणाऱ्याला ठाऊक होतें. वृत्तपत्रांनीं, सभांनीं, काँग्रेसकडे गेलेल्या अर्जांनीं पहिल्या दुरुस्तीच्या शब्दांवर बोट ठेवलें. व्हर्मॉन्टच्या मतदारांनीं लायनला तुरुंगांत असतांनाच पुन्हां निवडून दिलें. जेफर्सन व मॅडिसन यांनीं आपलीं नांवें गुप्त ठेवून केंटकी व व्हर्जिनिया या संस्थानांच्या कायदेमंडळांकडून निषेधाचे ठराव करविले. त्या ठरावांना इतर संस्थानांनीं साथ दिली नाहीं. कांहींनीं तर, कायद्याची घटनात्मकता ठरविणें हें न्यायालयांचें काम आहे, असें उत्तर दिलें. या मार्गांत धोकाही होता. १८३२ सालीं दक्षिण कॅरोलायनानें त्याच ठरावांचा दाखला देऊन मध्यवर्ती जकातीचा कायदा आपल्यापुरता रद्द केला, तेव्हां वृद्ध मॅडिसनला तो अर्थ आपला नव्हे असें सांगावें लागलें. परंतु १८०० सालीं व्हर्जिनियासाठीं लिहिलेल्या अहवालांत त्यानें जो मुद्दा मांडला तो आजही अभंग आहे. निवडणूक म्हणजे राज्यकर्त्यांच्या गुणदोषांची पारख. ती पारख करण्याची मुभा नसेल, तर मत देण्याच्या हक्काला अर्थ राहत नाहीं.

त्याच वर्षींच्या निवडणुकींत ॲडम्स हरला. जेफर्सन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना प्रत्येकीं ७३ मतें पडल्यामुळें निवड प्रतिनिधिगृहाकडे आली; तेथें प्रत्येक संस्थानाला एक मत. व्हर्मॉन्टचे दोन प्रतिनिधि विरुद्ध बाजूंचे असल्यामुळें पस्तीस फेऱ्यांपर्यंत त्या संस्थानाचें मत कोणालाच मिळालें नाहीं. १७ फेब्रुवारी १८०१ रोजीं छत्तिसाव्या फेरीच्या वेळीं लायनचा सहकारी बाजूला राहिला, आणि व्हर्मॉन्टचें मत एकट्या लायनच्या मतानें जेफर्सनला गेलें. ज्याला अध्यक्षाच्या बदनामीबद्दल तुरुंगांत टाकलें होतें, तोच पुढचा अध्यक्ष निवडणाऱ्यांपैकीं एक ठरला. कायदा मुदत संपून मेला. जेफर्सननें शिक्षा झालेल्यांना माफी दिली. १८४० सालीं, लायन जिवंत नसतांना, काँग्रेसनें दंडाची रक्कम व्याजासह त्याच्या वारसांना परत केली.

परंतु यावरून एक पक्ष सनदेचा शत्रु आणि दुसरा मित्र, असा समज करून घेणें चुकीचें होईल. १८०३ सालीं, स्वतः अध्यक्ष असतांना, वृत्तपत्रांच्या टीकेनें त्रासलेल्या जेफर्सननें पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरला खाजगी पत्रांत सुचविलें कीं, संस्थानाच्या कायद्याखालीं निवडक संपादकांवर कांहीं खटले भरले तर त्याचा चांगला परिणाम होईल. सत्तेच्या आसनावर बसल्यावर कुंपण प्रत्येकालाच अडचणीचें वाटतें. म्हणून त्याची राखण आसनावर बसलेल्यांवर सोंपवितां येत नाहीं.

राखणदार म्हणून न्यायालय पुढें आलें तें त्याच वर्षीं. २४ फेब्रुवारी १८०३ रोजीं मार्बरीच्या खटल्यांत मुख्य न्यायमूर्ति जॉन मार्शल यानें निर्णय दिला कीं, घटना हा सर्वश्रेष्ठ कायदा होय, आणि काँग्रेसचा कायदा तिच्याशीं विसंगत असेल तर न्यायालयानें तो लागू करतां कामा नये. वाद किरकोळ होता. विल्यम मार्बरी याला एका लहानशा न्यायाधिकाऱ्याच्या पदाची सनद मिळाली नव्हती. तत्त्व मात्र मोठें होतें. जेफर्सननें १७८९ मध्यें ज्या अंकुशाचा उल्लेख केला होता तोच हा, आणि आतां तो त्याच्याच सरकारपुढें उगारला गेला होता. तथापि या अंकुशाची धारही काळानेंच आली. १८३३ सालीं त्याच मार्शलनें सनद संस्थानांना लागू नाहीं असा निर्णय दिला. यादवी युद्धानंतर १८६८ मध्यें चौदावी दुरुस्ती झाली, आणि तिच्या आधारें विसाव्या शतकांत सनदेंतील बहुतेक हक्क संस्थानांवरही बंधनकारक ठरले. १७९८ च्या कायद्याची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयापुढें कधींच आली नव्हती. १९६४ सालीं एका वृत्तपत्राच्या खटल्यांत त्या न्यायालयानें नमूद केलें कीं, इतिहासानें तो निकाल केव्हांच दिला आहे.

कुंपण राखावें कोणीं, हाच प्रश्न भारताच्या घटनासमितीपुढेंही आला. समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ सालीं अमेरिकेंत जाऊन तेथील न्यायमूर्ति फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. न्यायालयांच्या हातीं कायदेमंडळाचे कायदे रद्द करण्याची मोघम सत्ता देऊं नये, हें फ्रँकफर्टर यांचें मत त्यांना पटलें, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमांतून पांचव्या अमेरिकन दुरुस्तीचे प्रसिद्ध शब्द गाळून ‘कायद्यानें प्रस्थापित केलेली पद्धति’ असा शब्दप्रयोग आला. १३ डिसेंबर १९४८ रोजीं या वादाला उत्तर देतांना, कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले मसुदासमितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं दोन्ही बाजू समतोलपणें मांडल्या. पक्षानें भरलेलें कायदेमंडळ मूलभूत हक्क पायदळीं तुडवूं शकतें, हें त्यांनीं मान्य केलें. आणि मूठभर न्यायाधीशांनीं आपल्या मतानुसार कायदे उलथून टाकावेत, हेंही धोक्याचें आहे असें सांगितलें. निर्णय त्यांनीं सभागृहावर सोंपविला. मॅडिसन आणि जेफर्सन यांचा पत्रव्यवहार ज्यानें वाचला आहे, त्याला हा पेच ओळखीचा वाटेल.

हक्कांच्या सनदेचें मूळ चर्मपत्र वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत ठेवलें आहे. शाई पुष्कळ फिकी झाली आहे. त्याच्या तळाशीं दोन अध्यक्षांच्या सह्या आहेत: एक प्रतिनिधिगृहाच्या, दुसरी सेनेटच्या. त्या वेळीं सेनेटच्या अध्यक्षस्थानीं देशाचा पहिला उपाध्यक्ष होता. त्याची सही आहे जॉन ॲडम्स. ओटिसचें भाषण ऐकून ज्याचें अंतःकरण पेटलें, ज्यानें या सनदेवर आपली सही केली, त्यानेंच नऊ वर्षांनंतर लायनला तुरुंगांत पाठविणाऱ्या कायद्यावरही सही केली. आणि तो कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. मर्यादा लिहून ठेवाव्या लागतात त्या अशासाठींच. चर्मपत्र कोणाचा हात धरीत नाहीं. परंतु हात कोठें पोंचावयास नको होता, हें तें दाखवून देतें. आणि व्हर्मॉन्टच्या मतदारांना मत टाकण्यास निघतांना तेवढेंच पुरेसें झालें.